गॅलरी बंद करणाऱ्यांनो!

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात तीन गोष्टी हमखास करतो. पहिली, लग्न. दुसरी, कर्ज काढून ब्लॉक. आणि तिसरी, त्या ब्लॉकची गॅलरी बंद! पहिल्या दोन गोष्टींचा पुढे पश्चात्ताप होतो, असं निदान विनोदी लेखक तरी म्हणत आले आहेत. तिसरीचा मात्र कुणालाच होत नाही, आणि माझं भांडण आहे ते इथंच.

गॅलरी बंद का केलीत, असं कुणालाही विचारून बघा. "ऊन येतं हो." "पाऊस आत येतो." "वारा फार." अहो, यांनी यावं म्हणूनच तर गॅलरी असते! उद्या बँकेत लोक येतात म्हणून बँकेला कुलूप लावाल! (कबुतरांची बाजू मात्र मी घेणार नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.) खरं कारण निराळंच असतं. चाळीस चौरस फूट जागा नुसती हवा खात उभी आहे, हे आपल्याला बघवत नाही. चौरस फुटाच्या भावानं घेतलेली जागा, तिनं काहीतरी काम करायला नको? मग ग्रिल येतं, ग्रिलला सरकत्या काचा येतात आणि काचांच्या आत अडगळ येते. गव्हाचं पिंप, पाहुण्यांच्या गाद्या, बिनपेडलची तीनचाकी. ती चालवणारं बाळ एव्हाना बंगळुरात नोकरीला असतं. पण 'असू दे, लागते.'

आणि यात आपण एकटे नाही, कायदाही आपल्या पाठीशी होता. मुंबईच्या १९९१च्या नियमावलीत गॅलरी ठराविक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये धरत नसत, आणि पैसे भरले की ती रीतसर बंदही करून मिळे. पुढे बिल्डरांनी 'फ्लॉवर बेड' काढला. नकाशात फुलांचा वाफा, प्रत्यक्षात पलंगाचं डोकं! मुंबईत नकाशांवर जेवढी फुलं फुलली तेवढी राणीच्या बागेतही फुलली नसतील. शेवटी २०१२ साली नियम बदलले आणि गॅलरी, फ्लॉवर बेड, सगळंच मोजायचं ठरलं.

आमची गॅलरी आम्ही १९९४ साली बंद केली. मुलाला अभ्यासाची खोली म्हणून. मुलगा तिथं एक दिवस बसला, 'उकडतं' म्हणाला आणि उठला. मग तिथं कपाट ठेवलं. त्याआधी तिथं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तीन कुंड्या होत्या. तुळस, अबोली आणि गवती चहा. तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली. बाकीच्या दोन कुठं गेल्या, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

१९९८ साली अण्णा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सव्वा वर्ष अंथरुणावर होते. रोज सकाळी विचारायचे, "ऊन आहे का रे आज, की ढगाळ?" मी पायात मोजे चढवता चढवता काहीतरी ठोकून द्यायचो. एकदा म्हणाले, "माझी कॉट जरा गॅलरीत टाकता येईल का रे?"

मी म्हणालो, "अण्णा, तिथं कपाट आहे."

ते बरं म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मीही तो विसरलो होतो. पण २०२० साल उजाडलं. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता सगळा देश थाळ्या वाजवत असताना आमची सरकती काच सरकेना. सव्वीस वर्षांची धूळ! शेवटी फटीतून एक हात बाहेर काढून मी थाळी धरली आणि हिनं आतून माझ्या बोटांवर डाव हाणला. २५ मार्चपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी आली आणि ती वाढत वाढत मेअखेरीपर्यंत गेली. मी सकाळी हॉलमधून स्वयंपाकघरात फिरायला जाऊ लागलो. नवव्या दिवशी हीच म्हणाली, "एक तर ती काच काढा, नाही तर तुम्ही फेऱ्या घालणं बंद करा."

काचा निघाल्या, कपाट हललं. पण टाळेबंदीत भंगारवाला कुठला? सगळी अडगळ हॉलमध्ये आली आणि आम्ही गॅलरीत राहायला गेलो! आपली गॅलरी पश्चिमेची आहे, तिथं दोननंतर ऊन येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

नर्सऱ्या बंद होत्या. मग तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, वॉचमनच्या परवानगीनं आंब्याखालची माती आणली आणि मिसळणाच्या डब्यातली मेथी पेरली. तिसऱ्या दिवशी कोंब! आमच्या घरात इतकं वेळेवर आजवर काहीच झालं नव्हतं. वाटीच्या बुडानं रगडून लावलेले धने मात्र पंधरा दिवस सरकारी फायलीसारखे ढिम्म. पुदिन्याच्या काड्यांना पेल्यातल्या पाण्यातच मुळं फुटली. दोन बोटं उंच झालेली मेथी हिनं कापली, तेव्हा ती एका वेळच्या वरणात दिसलीसुद्धा नाही. पण पोट भरायला कोण बसलं होतं? आम्ही बघायला बसलो होतो.

माणसाला कोंडलं की तो माती शोधतो. नेहरूंना १९४२च्या ऑगस्टमध्ये नगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथं ते भर उन्हात दगडगोट्यांची जमीन खणून फुलांचे वाफे करत होते. त्यांनी स्वतःच ते तिथं लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं आहे. म्हणजे इंग्रजांनी कैद्याला निदान खणायला जमीन ठेवली होती. आपण मात्र आपल्याच तुरुंगाचा तेवढा वाफा पदरचे पैसे भरून बुजवतो!

टाळेबंदी उठल्यावर काचवाला आला. "साहेब, पावसाच्या आत बसवून टाकू." आजूबाजूच्यांनी बसवून घेतल्याही. मी नाही म्हणालो. त्या पावसात मेथी सडली, गाद्या भिजल्या, हिनं दोन दिवस अबोला धरला. तरी नाही म्हणालो. आता तिथं अबोली आहे, गवती चहा आहे, आणि रोज सकाळी मी चहा घेऊन तिथं बसतो. ऊन आहे की ढगाळ, हे आता मला न ठोकता सांगता येतं. विचारणारे अण्णा मात्र नाहीत.

तुमच्या घरात कुणी विचारणारं असेल, तर आजच ते कपाट हलवा.