वकील कोणाचा? पोराचा की बापाच्या अब्रूचा?

आपल्या कल्याण-डोंबिवलीत दहावीचा क्लास जेवढ्या चौकसपणे निवडला जातो, तेवढ्या चौकसपणे पोरासाठी वकील निवडला जात नाही. क्लासला जाताना मागचे निकाल, बॅचमध्ये पोरं किती, सर स्वतः शिकवतात की असिस्टंटवर ढकलतात, सगळं विचारून घेतात. आणि पोरगं पोलीस स्टेशनात बसलंय असा फोन आला की? "अरे, तो अमक्याचा मेव्हणा आहे ना कोर्टात, त्याला बोलव!" मग तो मेव्हणा आयुष्यभर जागेचे दावे चालवत असेना का. काळा कोट आहे ना, बास झालं.

तुम्ही म्हणाल, आमची तर अजून लग्नंही व्हायची आहेत. कबूल. पण घरातला शिकलेला, कंपनीत असलेला दादा किंवा मामा म्हणून पहिला फोन तुम्हालाच येणार आहे. म्हणून हे वाचा.

समजा, सोळा वर्षांच्या पोराने बाबांची ॲक्टिव्हा काढली आणि कल्याण-शीळ रोडवर कोणाला तरी धडकवली. नशिबाने खरचटण्यावर निभावलं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, म्हणजे ॲक्टिव्हा बादच. आता खरी गंमत पुढे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. त्यानुसार पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. कोर्ट असं धरूनच चालतं की गाडी पालकाच्या संमतीने नेली. यातून बापाला सुटायचं असेल तर त्याने सिद्ध करायचं की मला माहीतच नव्हतं, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती.

आता सांगा, बापाने लावलेला, बापाने पैसे दिलेला वकील काय करेल? "मुलाने न विचारता चावी घेतली," हे वाक्य बापाला वाचवतं आणि पोराला चोर ठरवतं. रोज त्याच गाडीवरून क्लासला पाठवत होते ना? तेव्हा चावी कोण देत होतं? एकाच वकिलाने दोघांना वाचवायचं म्हटलं तर बळी कोणाचा जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

माझं म्हणणं एवढंच आहे: वकील पोराचा असला पाहिजे. बापाच्या अब्रूचा नाही, शेजाऱ्यांच्या तोंडांचा नाही.

दुसरा राग "सेटिंग"वर. घाबरलेल्या आईबापांना जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं कायद्याने आधीच फुकट दिलंय! बाल न्याय कायदा, २०१५ उघडून बघा. आपण एखाद्या टूलचं डॉक्युमेंटेशन रात्रभर वाचतो, हे तर दहा-बारा कलमांचं काम आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. जामीन हा नियम आहे, मग गुन्हा अजामीनपात्र का असेना. नाकारायचा तर त्याची कारणं कायद्यात ठरलेली आहेत आणि ती लिहून द्यावी लागतात. ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे तो किरकोळ गुन्हा. साधी चोरी, साधी मारामारी यातच येते. अशा गुन्ह्यात सोबत कोणी सज्ञान नसेल, तर केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे एफआयआरसुद्धा होत नाही, डायरीत नोंद होते. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन. तरीही संपली नाही तर किरकोळ प्रकरण बंद! आणि "पासपोर्ट मिळणार नाही, नोकरी लागणार नाही" ही भीती? कलम २४ म्हणतं की अशा निर्णयाचा डाग पुढे लागत नाही. कलम ७४ म्हणतं की प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ते उघड करायचं नाही.

मग वकील हवाच कशाला? कारण कागदावरचा हक्क आपोआप चालत येत नाही. "सॉरी म्हण, सही कर, मिटवून टाकू" असं कोणी म्हणालं की सोळा वर्षांचं पोरगं सही करतं. न केलेल्या गोष्टीवरसुद्धा. तिथे त्याच्या बाजूने "थांबा" म्हणणारं कोणीतरी लागतं.

आता कोणीतरी पुणं काढणारच. मे २०२४, कल्याणीनगर, पोर्शे. आपल्याच वयाचे, आपल्याच धंद्यातले दोन इंजिनियर गेले आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध. संताप मलाही आला. पण नीट बघा. तिथे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली. हा आरोप वकिलीचा नाही, पुरावा नासवण्याचा आहे. शिवाय ते दोन मृत्यूंचं प्रकरण. त्याचा राग मोबाईल चोरल्याचा संशय असलेल्या कोळसेवाडीतल्या पोरावर काढायचा, हा कुठला न्याय? त्या पोराकडे तर सेटिंग करणारा बापही नसतो.

त्याच्यासाठीही सोय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मुलाला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००.

आणि पैसे मोजून वकील लावायचाच असेल तर त्याला चार प्रश्न विचारा. भिवंडीच्या बाल न्याय मंडळापुढे याआधी उभे राहिलात का? मुलाशी आधी एकट्याने बोलाल का? बाप आणि मुलगा यांचं हित वेगळं निघालं तर कोणाची बाजू घ्याल? फी लिहून द्याल का? आणि "वर थोडे द्यावे लागतील" असं ऐकू आलं की चहा अर्धा ठेवून उठा.

पोराने चूक केली असेल तर त्याने ती निस्तरावी. समुपदेशन, समाजसेवा, जे मंडळ सांगेल ते करावं. पण स्वतःच्या चुकीपुरतंच. बापाने दिलेल्या चावीचा हिशोब बापाने द्यावा.