पानगळीवाचून पालवी

चैत्र जवळ आला की आमच्या सुशिक्षित घरांतून दोन मते नेमाने ऐकू येऊ लागतात. एक असे की, वसंत हा नवजीवनाचा ऋतू असल्यामुळे पाडव्यापासून आपणही नवे व्हावे. पहाटे उठावे, वाचन वाढवावे, एखादी विद्या आरंभावी. दुसरे असे की, वसंत हा खरा विलायतेचा. आमच्याकडे हिवाळा सरला की थेट उन्हाळाच. ही दोन्ही मते वरवर परस्परविरुद्ध दिसतात. परंतु आमच्या मते ती एकाच अज्ञानाची अपत्ये होत. दोघांनीही वसंत पुस्तकातून घेतला, दारातल्या झाडाला विचारला नाही.

दुसऱ्या मताचा परामर्श आधी घेऊ. इंग्लंडात वसंत येतो तो थंडीने गारठलेल्या भूमीत पुन्हा ऊब शिरते म्हणून. वर्डस्वर्थची डॅफोडिलांवरील कविता १८०७ साली प्रसिद्ध झाली आणि ते फूल जन्मात न पाहिलेल्या आमच्याकडील कित्येकांनी ती शाळेत पाठ केली. यात कवितेचा काहीच दोष नाही. दोष आहे तो त्या मापाने सह्याद्रीचा वसंत मोजू पाहणाऱ्यांचा. आमचा वसंत येतो तो पाऊस थांबून चार-पाच महिने लोटल्यावर, विहिरींचे पाणी तळाकडे चालले असता. नेमक्या त्याच सुमारास पळस आणि सावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, कोशिंबाला लालभडक पालवी फुटते, आणि पिंपळ जुनी पाने टाकून तांबूस, कोवळी पाने धारण करतो. मृगाला अजून दोन-तीन महिने अवकाश असतो! दुर्गा भागवतांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'ऋतुचक्रा'चा आरंभ चैत्रापासून केला, तो उगाच नव्हे.

आता कोणीही विचारील की, पावसाचा थेंब नसता या पालवीला पाणी मिळते कोठून? येथेच आमच्या पहिल्या पक्षाच्या मंडळींनी कान द्यावा. मोसमी प्रदेशांतील शुष्क वनांचा अभ्यास करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला आहे. जुन्या पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. ती पाने गळाली की हा व्यय थांबतो. खोल गेलेल्या मुळांनी ओढलेले पाणी खोडात साठू लागते. आणि दिवस मोठा होत चालल्याचा इशारा मिळताच अनेक वृक्षांचे अंकुर उमलतात. इतकेच नव्हे, तर पान गळण्यापूर्वी त्यातील नत्रादी सत्त्वाचा पुष्कळसा भाग झाड परत आपल्याकडे घेते. म्हणजे पानगळ हे वसंताच्या आधीचे दुर्दैव नसून वसंताचे कारण आहे. टाकून द्यायचे ते टाकल्यावाचून आमच्याकडे नवे पान येत नाही.

आमचे पाडव्याचे संकल्प यांच्या अगदी उलट चालतात. त्यांत मिळवायचे सर्व काही असते, टाकायचे काहीच नसते. भरगच्च दिवसावर आणखी एक व्रत, भरलेल्या कपाटात आणखी चार पुस्तके! मग चैत्र संपण्यापूर्वीच संकल्प सुकतो आणि आम्ही आपल्या दुर्बल इच्छाशक्तीला बोल लावतो. वस्तुतः इच्छाशक्तीने काय करावे? जुन्या पानांनीच सारे पाणी पिऊन टाकल्यावर अंकुराने जगावे कशावर?

आणि ही जुनी पाने कोणाच्या जिवावर तग धरून असतात, तेही पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तीत असे आढळले की, घरचे बिनमोल काम शंभरांपैकी सुमारे ८१ स्त्रिया करीत होत्या, तर पुरुष केवळ २६. जे करीत होते त्यांतही स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जाई, पुरुषांचा ९७. ज्या घरात गृहस्थ पाडव्याला आत्मोन्नतीची प्रतिज्ञा करतो, त्याच घरात गृहिणी पहाटेपासून पुरणाच्या मागे असते, आणि पुढे वाळवणे, कैरीचे पन्हे, चैत्रगौरीचे हळदीकुंकू हे सारे तिचेच. त्याने पहाटे उठून व्यायाम आरंभला तर त्याच्या चहासाठी तिलाही उठावे लागते. हे नवजीवन म्हणावे की जुन्याच ओझ्याची नवी खेप? आयते ताट, आयता चहा, आयते धुतलेले कपडे, ही गृहस्थाची जुनी पाने होत. ती त्याने गाळली, तरच त्या घराला पालवी फुटण्याचा संभव.

यावर एक शहाणा आक्षेप येतो: बदल सौम्य हवा, हळूहळू व्हावा. आम्हांस तो मान्य आहे. झाडाहून सौम्य कोण? एका पानाचाही आवाज न करता ते आपला संसार बदलते. परंतु सौम्यता म्हणजे दिरंगाई नव्हे. पिंपळ "पुढच्या वर्षी पाहू" म्हणत नाही. पाऊस येण्यापूर्वी त्याचे पान तयार असते, म्हणूनच आलेल्या पावसाचा त्यास पुरेपूर उपयोग होतो. 'हळूहळू' या शब्दाखाली आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे चालते, त्यास बदल हे नाव देणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

तसेच नवे होणे म्हणजे दुसरेच कोणी होणे, ही भीतीही निराधार आहे. पाने टाकलेला पिंपळ पिंपळच राहतो; त्याची मुळे जागची हालत नाहीत. तेव्हा येत्या पाडव्यास काय आरंभावे याची यादी करण्यापूर्वी काय सोडावे याची यादी आमच्या सुशिक्षितांनी करावी, आणि तीत दुसऱ्याच्या श्रमावर उपभोगलेली एक तरी सवय असावी. गुढी त्यानंतर खुशाल उभारावी.