रक्तगट जुळला, मग अडलं कुठे?

माझ्या वर्गात थॅलेसेमिया असलेली एक मुलगी आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, त्या दिवशी हजेरीत तिच्यापुढे फुली पडते. डॉक्टरांनी बोनमॅरो प्रत्यारोपण सुचवलं, तेव्हा मोहल्ल्यातली कितीतरी मुलं पुढे आली. "भाभी, आमचाही बी पॉझिटिव्हच आहे!" त्यांना परत पाठवताना तिच्या अम्मीला कारण नीट सांगता येईना.

कारण असं की इथे रक्तगट नव्हे, एचएलए जुळावा लागतो. आपला कोण आणि परका कोण, हे शरीराच्या संरक्षक पेशी ज्या खुणांवरून ओळखतात त्या या खुणा. फ्रेंच डॉक्टर जाँ दोसे यांनी 1958 मध्ये त्यातली पहिली शोधली. 1980 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुख्य रक्तगट चार, एचएलएचे प्रकार मात्र हजारो. निम्मा संच अम्मीकडून, निम्मा अब्बांकडून येतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई-वडील नात्यातले असतील तर कधी चुलत-मावस भावंडांतही जुळतं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं तर नातं लपवू नये. (नात्यातल्या लग्नात थॅलेसेमियाचा धोकाही वाढतो. निकाहआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्यायला काय हरकत आहे?)

घरात जुळलं नाही तर परक्या दात्याचा शोध. वेगवेगळ्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या रोगांशी झुंजताना या खुणाही वेगळ्या होत गेल्या. त्यामुळे दाता बहुधा समान पूर्वज असलेल्यांतच सापडतो. अमेरिकेतल्या 2014 च्या एका अभ्यासात युरोपीय वंशाच्या रुग्णांना पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के निघाली, आफ्रिकी वंशाच्यांना 20 टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडच्या रुग्णासाठी आपल्याकडचीच माणसं नोंदवलेली हवीत. त्यात मजहब आडवा येत नाही. कोकणातल्या मुस्लिम मुलाचा दाता शेजारच्या हिंदू घरातही निघू शकतो.

नोंदणीला गालाच्या आतला नमुना कापसाच्या काडीने घेतात, बस्स. पुढे कुणाशी जुळलं तर पाच दिवस इंजेक्शनं, मग बहुतेक वेळा हाताच्या शिरेतून यंत्राने मूळपेशी काढून घेतात. हाड कापत नाहीत! खरी अडचण वेगळीच: ऐन वेळी घरचे घाबरतात आणि दाता माघार घेतो, तिकडे रुग्ण वाट बघत असतो. म्हणून घरात बोलून मगच नाव द्यावं.

त्या मुलीच्या भावाशी जुळलं नाही. मोहल्ल्यातल्या सात मुलांनी नमुना दिलाय. तिच्याशीच जुळेल असं नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलंय.