टेलरच्या दुकानापासून भूतबंगल्यापर्यंत

मराठी पुस्तक छापून झाल्यावर तालुक्याच्या वाचनालयात पोचायलाच वर्ष-दोन वर्षं जातात. मग कधीतरी पुरस्काराची बातमी येते, लोक दुकानात धावतात आणि दुकानदार सांगतो, "आवृत्ती संपलीय, पुढच्या महिन्यात बघा." त्यामुळे "नवीन काय वाचू?" असं कुणी विचारलं, की मी गेल्या काही वर्षांतली पुस्तकं बिनदिक्कत सुचवतो.

त्यात पहिलं नाव देविदास सौदागर यांच्या 'उसवण'चं. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. रेडीमेडच्या लाटेत धंदा बसलेल्या शिंप्याची ही कादंबरी. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. आमच्या गल्लीतल्या टेलरकडे हल्ली शिवायला कापड फारसं कुणी टाकत नाही. मॉलमधून आणलेल्या पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, एवढ्यावर त्याचं दुकान चालतं. आपण तिथे पाच मिनिटं उभे राहतो आणि पैसे देऊन निघतो. मशीनवर बसलेल्या माणसाचं पुढे कसं भागतं, ते सौदागर गळा न काढता सांगतात. कादंबरी लहान आहे. रविवारी दुपारी घेऊन बसलात तर संध्याकाळपर्यंत संपेल.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला मात्र वेळ द्यावा लागतो. धरणापायी गाव उठलं, म्हैस मागे राहिली आणि देवाप्पा तिला आणायला परत गेला. कथानक म्हणाल तर एवढंच. पण म्हैस आता रानाची झालेली आहे. सुरुवातीला बोली अडवेल, तरी नेट धरा. धरणग्रस्तांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. जनावराच्या बाजूने इतकं क्वचितच.

चित्रकार राजू बाविस्कर यांचं 'काळ्यानिळ्या रेषा' हे आत्मकथन मागवून ठेवाच. विशाखा विश्वनाथ यांचा 'स्वतःला स्वतःविरुद्ध उभं करताना' हा संग्रह दिवसाला दोन कवितांच्या हिशेबाने वाचा, घाई नको. सुधीर रसाळ यांचं 'विंदांचे गद्यरूप' हे झोपताना चाळायचं पुस्तक नव्हे. पण विंदा म्हणजे फक्त कविता असं समजणाऱ्यांनी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, ते टेबलाशी बसून वाचावं. नव्वदी ओलांडलेल्या या समीक्षकाला 2024 चा अकादमी पुरस्कार याच पुस्तकासाठी मिळाला.

मुलांसाठी भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. संमेलनाध्यक्ष झालेला कथाकार मुलांसाठी रहस्यकथा लिहितो, हेच मला फार आवडलं. मोठ्यांनी ते आधी पळवू नये.

सगळी एकदम विकत घेणं कुणालाच परवडणार नाही. तुमच्या वाचनालयाची खरेदीची यादी व्हायच्या आत ग्रंथपालांना निदान 'उसवण' आणि 'समशेर' ही दोन नावं चिठ्ठीवर लिहून द्या.