मास्तरकीचा दाखला कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. शिक्षण दहावी. याला मास्तरकीवर लिहायचा हक्क काय, असं कुणी विचारील. हक्क एवढाच की दहा वर्षं मी फळ्यासमोर बसलोय, तेही मागच्या पट्टीवर. मास्तर काय चीज असते हे मागच्या पट्टीवरून जेवढं दिसतं, तेवढं साहेबाला इन्स्पेक्शनमध्ये दिसत नाही.

दिवाळीत देवगिरीच्या जनरल डब्यात उभ्यानं नांदेडला गेलो. तिथनं यष्टीनं मुखेडकडं, गावाला. आतेबहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, ओट्यावर कागदं पसरून बसली होती. बारावी, डी.एड., टीईटी दुसऱ्या झटक्यात पास. भरतीची वाट बघून बघून डोळ्याच्या खाचा झाल्या. मधी लातूरला एका खाजगी शाळेत शिकवलं. सही मोठ्या आकड्यावर, हातात पैसे छोटे. आता हातात एका चर्चच्या शाळेचं पत्र. नोकरी पक्की, राहायला खोली. अट एकच. वर्षाच्या आत बाप्तिस्मा घ्यायचा, मग चर्चचं ट्रेनिंग.

"काय करू रे बाबू?" अक्कानं विचारलं.

मी गप. गोदीत परत आलो. पाठीवर ओझं होतंच, डोक्यात हे एक वाढलं. हा लेख म्हणजे अक्काला उशिरा दिलेलं उत्तर.

चर्चच्या शाळा खंडीभर पंथांच्या. पण आपला मास्तर आपणच पारखून घ्यायचा ही रीत बारकाईनं लिहून ठेवलेली बघायची असेल तर सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांची बघावी. अक्काची शाळा त्यांची नव्हे, पण गाठ तीच. हे लोक शनिवार पाळतात. पंथ १८६३ साली अमेरिकेत उभा राहिला. तिथं त्यांच्या शाळेत शिकवायचं तर सरकारच्या लायसनशिवाय चर्चचं स्वतःचं सर्टिफिकेट लागतं. त्याच्या तीन पायऱ्या: बेसिक, स्टँडर्ड, प्रोफेशनल. बी.ए., बी.एड.सारखं शिक्षण पाहिजेच. त्याच्यावर बायबल, पंथाचा इतिहास, आरोग्याचे नियम, एलन व्हाइट बाईंचं लिखाण यांचे कोर्स. आणि सगळ्यांच्या आधी, माणूस बाप्तिस्मा घेतलेला, चर्चच्या वहीत नाव असलेला पाहिजे.

आपल्याकडं त्यांची मोठी जागा पुण्याला, औंध रोडला, स्पायसर. १९१५ ला कोइमतूरला सुरू झालेली संस्था १९४२ ला पुण्यात आली. पुणेकरांना ती ब्राऊन ब्रेडमुळं ठाऊक. तिथली पोरं बेकरीत, डेअरीत, छापखान्यात राबून फी फेडायची. व्हाइट बाईंनी १९०३ च्या 'एज्युकेशन' या पुस्तकात मांडलंय की डोक्याबरोबर हातालाही शिक्षण पाहिजे. मला हे पटतं. खरं सांगतो, लई पटतं. ज्या देशात पुस्तक धरणारा हात वेगळ्या जातीचा आणि शेण काढणारा हात वेगळ्या जातीचा, तिथं कॉलेजच्या पोराला गोठ्यात पाठवणं ही साधी गोष्ट नाही. फक्त आपल्या लेकरांना हाताचं शिक्षण कुणी शिकवायची गरज पडली नाही. ते जन्माबरोबर मिळालं, सर्टिफिकेट न देता.

मग चर्चच्या दाखल्यावर थुंकायचं का? थांबा. आधी आपलाच इतिहास उलगडून बघा.

जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं ते नगरला मिस फेरारबाईंकडं, मिशनमध्येच. दोघंही ख्रिस्ती झाले नाहीत. विद्या घेतली आणि ती महारामांगांच्या पोरींपुढं आणून ओतली. त्यांच्याच शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोरगी मुक्ता हिनं मांगामहारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो छापला कुणी? 'ज्ञानोदय'नं. मिशनच्या पत्रानं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पलटणीच्या नॉर्मल स्कुलात मास्तरकी शिकले आणि पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर झाले. गोऱ्या साहेबाच्या दाखल्यावर. त्या दाखल्यानं घरात पुस्तक आलं. पुढं काय झालं ते जगाला ठाऊक आहे.

म्हणजे दाखला कुणाच्या दारातून आला याची लाज आपल्या माणसांनी बाळगली नाही. दाखला घेतला, दावं घेतलं नाही. अक्काच्या पत्रात दाखला आणि दावं एकाच गाठीत बांधलंय. भांडण त्या गाठीशी आहे.

आता सरकारकडं वळू. कारण ही गाठ एकट्या चर्चनं मारलेली नाही, दुसरं टोक सरकारच्या हातात आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानं ठरवलं की हिंदू असाल तरच अनुसूचित जातीचे. १९५६ ला शीख आत आले. बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडलं, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षं. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून उंबऱ्याबाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. कागद फायलीत गेला. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं पुद्दुचेरीच्या एका बाईला सांगितलं, बाप्तिस्मा घेतलास, चर्चला जातेस, मग नुसत्या नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागणं म्हणजे घटनेशी लबाडी.

अक्कानं बाप्तिस्मा घेतला तर तिचा जातीचा दाखला त्या पाण्यात विरघळेल. सरकारी भरतीतली राखीव जागा गेली. उद्या चर्चनं काढून टाकलं तर? धर्म गेला, दाखला गेला, फळाही गेला. उरली जात. ती काही पाण्यात विरघळत नाही. तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांच्या कबरीसुद्धा वेगळ्या ठेवल्यात. गावातला पाटील अक्काला मेरी म्हणणार नाही, जे म्हणत आलाय तेच म्हणेल.

आणि सरकारचा दाखला तरी कुठं धुतल्या तांदळासारखा? २०२१ च्या डिसेंबरात टीईटी घोटाळा फुटला. परीक्षा परिषदेचा साहेबच आत गेला. पैसे देऊन नापासाचे पास झालेले साडेसात हजारांवर उमेदवार २०२२ मध्ये बाद केले. अक्का कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून पास झाली, तिच्या शेजारचा नोटांच्या उजेडात. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं हुकूम केला की पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या मास्तरांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडं पाठवला. म्हणजे बघा गंमत. एका दारात परीक्षा विचारतात, देव विचारत नाहीत. दुसऱ्या दारात देव आधी विचारतात. घटनेच्या २८ व्या कलमानं सरकारमान्य शाळेत शिकणाऱ्याला संरक्षण दिलंय, त्याच्या मर्जीविरुद्ध धर्माचा पाठ त्याच्या गळी उतरवता येत नाही. त्या कलमात फळ्यासमोर बसणारा आहे. फळ्यापाशी उभी असलेली अक्का त्यात नाही.

आता थोडं आपल्या अंगणात. गावात आपल्याच पोरांनी अक्काला ऐकवलं, "बाबासाहेबाला सोडून पाद्र्याकडं चाललीस?" हे म्हणणारे संध्याकाळी पानटपरीवर उभे असतात. मी त्यांना विचारतो, तुमच्याकडं अक्कासाठी शाळा आहे का? बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून दोन वर्षं होत नाहीत तोच १९५० ला औरंगाबादेत कॉलेज उभं केलं, तेच पुढं मिलिंद झालं. आपण पुढं काय केलं? नामांतरासाठी रक्त सांडलं. १९७८ ला टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं. त्या नावापुढं माझं डोकं झुकतं. पण विद्यापीठाच्या कमानीवर नाव आलं म्हणून तांड्यावरच्या, मांगवाड्यातल्या चौथीच्या पोराला मास्तर मिळत नाही. मागच्या पट्टीवरचं पोरगं कमान बघायला जात नाही, त्याला समोर माणूस पाहिजे. आपण जयंतीला डीजे लावतो, वर्गणी जमते लाखात. त्यातल्या निम्म्या पैशात एका अक्काचा वर्षभराचा पगार निघतो.

म्हणून माझं उत्तर असं आहे.

अक्का, तुला येशू मनापासून पटला असेल तर जा. ताठ मानेनं जा, टपरीवरल्या पोरांना भिऊ नकोस. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात घोषणा केली आणि १९५६ पर्यंत एकवीस वर्षं धर्म तपासला. माणसानं धर्म विचार करून बदलावा, हेच ते शिकवून गेले. पण पटला नसेल आणि नुसत्या पगारासाठी डोकं पाण्याखाली घालणार असशील, तर घालू नकोस. पोटासाठी मी रोज पाठ वाकवतो. पाठ संध्याकाळी सरळ होते. मन वाकवलं तर ते सरळ होत नाही. आणि मन वाकलेली बाई लेकरांना ताठ उभं राहायला कसं शिकवील?

चर्चवाल्यांना सांगणं: तुम्ही आमच्या आज्याला पाटी दिली, ते आम्ही विसरलो नाही. फेरारबाईंनी सावित्रीला शिकवलं तसं शिकवा. आधी विद्या द्या, देवाचं ज्याचं तो बघील.

सरकारला सांगणं: जात धर्म बघून चिकटत नाही, मग दाखला धर्म बघून का देता?

आणि तुम्हाला-मला सांगणं: विहाराचं कुलूप संध्याकाळी सात ते नऊ उघडा. चार पाट्या, एक फळा, एक अक्का. तिला वर्गणीतून मानधन द्या. या वर्गाला कुणाचं सर्टिफिकेट नसेल. नसू द्या. पहिला दाखला मागच्या पट्टीवरचं पोरगं देईल, ज्या दिवशी ते हात वर करून प्रश्न विचारील.

अक्काचा फोन अजून आलेला नाही. पुढच्या पगाराला मी पाचशे रुपये फळ्यासाठी बाजूला काढतोय. तुम्ही?

जय भीम.