सर्व्हिसिंगनंतरची फर्स्ट परेड

पठाणकोटला असताना गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणलेली माझी गाडी जम्मूच्या रस्त्यावर धापा टाकू लागली. पिकअप नाही, इंजिनाचा दिवा पेटलेला, मागे ट्रकांची रांग आणि गाडीत मुलं. बॉनेट उघडलं, तर एअर फिल्टरपुढचा होस निसटलेला. सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरली की पेट्रोलचं प्रमाण बिघडणारच. पेचकसाने क्लॅम्प आवळला, दोन मिनिटांचं काम! बिलात पॉलिशसुद्धा होतं.

फौजेत गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. वर्कशॉपमधून आलेल्या गाडीलाही त्यातून सूट नाही. गॅरेजवाल्यांनीही काम एकाने करावं, तपासावं दुसऱ्याने. तोवर चावी घेण्याआधी बॉनेट उघडायला लावा. डिपस्टिक बघा, ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर काढायला सांगा, जास्त ऑइलला फेस येतो. मॅनेजर तोंड वाकडं करतो, करू दे.