दार मराठीत, पायऱ्या इंग्रजीत

अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी 'जेईई मेन' ही राष्ट्रीय परीक्षा 2021 पासून 13 भाषांतून देता येते. त्यांत मराठीही आहे. या निर्णयाचे महाराष्ट्रात स्वागत झाले, ते योग्यच होते. तथापि, दारावर मराठी पाटी लावली म्हणजे दार उघडले असे होत नाही. त्या दारापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या कोणत्या भाषेत आहेत, हा प्रश्न स्वागताच्या गजरात कोणी विचारला नाही.

ग्रामीण भागातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत 'त्वरण' आणि 'संवेग' शिकतो. अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच तेच त्वरण 'ॲक्सिलरेशन' होते आणि संवेग 'मोमेंटम' होतो. कारण राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय बहुतेक सर्वत्र इंग्रजीतूनच शिकविले जातात. शहरांतील पालकांनी या अडचणीवर 'सेमी-इंग्रजी'चा तोडगा काढला. ज्यांना तो परवडला नाही किंवा ज्यांच्या गावात ती सोयच नव्हती, त्यांच्या मुलांना दोन वर्षांत विषयही शिकावा लागतो आणि भाषाही. त्यानंतर मराठी प्रश्नपत्रिका त्याच्या हाती दिली, तर ती त्याला परकीच वाटणार. ज्या संज्ञा त्याने दोन वर्षांत वाचल्याच नाहीत, त्यांचा मराठी अनुवाद त्याला उपयोगी तो कसा पडावा? त्यातच अनुवादात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच अंतिम मानला जातो. सावध विद्यार्थी मग इंग्रजीकडेच वळला, तर त्याला दोष देता येणार नाही.

केंद्र शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी महाराष्ट्राने आपल्या अंगणाकडे पाहावयास हवे. राज्याची स्वतःची 'एमएचटी-सीईटी' ही परीक्षा भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासाठी मराठीची मुभा देते; गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच ठेवण्याची प्रथा तिने पाळली आहे. दिल्लीची परीक्षा गणित मराठीत विचारू शकते आणि मुंबईची परीक्षा विचारू शकत नाही, ही विसंगती कोणत्याही मराठीप्रेमी शासनाला शोभणारी नाही. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आनंदोत्सव झाले. अभिजात भाषेत समीकरण मांडता येत नाही, असे तर शासनाला म्हणावयाचे नाही ना?

अर्थात केंद्राचीही सुटका नाही. 'मेन'मधून निवडले गेलेले सुमारे अडीच लाख विद्यार्थी 'जेईई ॲडव्हान्स्ड'ला पात्र ठरतात आणि देशातील 23 आयआयटींचे प्रवेश तिच्यावरून होतात. ही परीक्षा केवळ इंग्रजी आणि हिंदीतच होते. आयआयटीतील अध्यापन इंग्रजीतून चालते, म्हणून परीक्षाही इंग्रजीत हवी, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा मानला, तर हिंदीलाही तेथे स्थान नसावयास हवे होते. हिंदीतून परीक्षा दिलेला विद्यार्थी पुढे इंग्रजीतून शिकू शकतो, तर मराठी, तमिळ वा बंगालीतून परीक्षा दिलेला का शिकू शकणार नाही? शिवाय या परीक्षेत पर्याय निवडावयाचे असतात किंवा संख्या भरावयाची असते. उत्तरे संगणक तपासतो; त्यासाठी मराठी जाणणारे परीक्षक नेमावे लागत नाहीत. काम उरते ते काटेकोर अनुवादाचे, आणि 'मेन'साठी ते होतच आहे.

वास्तुशास्त्राच्या 'मेन'मधील प्रश्नपत्रिकेत गणित व कल चाचणी संगणकावर होते, चित्रकलेचा भाग मात्र विद्यार्थी आजही कागदावर हाताने सोडवितो. तेथे रेषेला भाषा नसते. पण काय रेखाटावयाचे हे सांगणाऱ्या वाक्याला ती असते. कसोटी हाताची आणि कल्पनेची असताना विद्यार्थी त्या वाक्याशीच अडखळला, तर परीक्षा भलत्याच गुणाची झाली असे म्हणावे लागेल.

इंग्रजीला विरोध करण्याचा येथे प्रश्न नाही. अभियंत्याला ती आलीच पाहिजे. ती शिकण्यासाठी पदवीची चार वर्षे आहेत. प्रश्न एवढाच, की सतराव्या वर्षी मोजावयाचे काय — बुद्धी की भाषा? राज्य शासनाने सीईटीतील गणित विनाविलंब मराठीत उपलब्ध करावे आणि अकरावी-बारावीच्या विज्ञानासाठी दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी देणारी द्वैभाषिक पाठ्यपुस्तके प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत. एवढे केल्यावरच 'ॲडव्हान्स्ड'साठी केंद्राकडे आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार महाराष्ट्राला प्राप्त होईल. तोपर्यंत प्रश्नपत्रिकेवरील मराठी ही सोय न राहता निव्वळ शोभाच राहील.